वीस मिनिटे आणि एक काचेची नळी

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. किनाऱ्यालगत चिकूच्या वाड्या, पूर्वेकडे डोंगराळ होत जाणारी जमीन, आणि मधल्या पट्ट्यात वारली, कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी अशा आदिवासींचे विखुरलेले पाडे. पाऊस सुरू झाला की भाताची लावणी, पाऊस ओसरला की गवताची कापणी. दोन्ही कामे वाकून, हातांनी आणि बहुधा अनवाणी करायची. उंदीर, बेडूक आणि त्यांच्यामागून येणारे साप यांचाही वावर याच दिवसांत वाढतो.

समजा, आपल्याच शाळेतील आठवीची एक मुलगी संध्याकाळी बांधावरून परतताना तिच्या घोट्याला काहीतरी चावले. अंधारात साप कोणी पाहिला नाही. पाय थोडा सुजला आहे, दुखतो आहे. तासाभराने ती जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचते. तिथल्या डॉक्टरांपुढे प्रश्न असा, की सापाचे प्रतिविष टोचायचे की नाही? साप बिनविषारी असेल, किंवा विषारी असूनही त्याने विष सोडलेच नसेल, तर प्रतिविषाची गरज नाही. शिवाय ते घोड्याच्या रक्तापासून बनवलेले असल्याने काही रुग्णांना त्याची तीव्र, प्रसंगी जीवघेणी प्रतिक्रिया येते. उलट विष अंगात भिनले असेल, तर वाया गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एका साध्या चाचणीतून मिळते. मुलीच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत सोडायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही, आणि मग ती एकदाच आडवी करून पाहायची. रक्त साकळले असेल तर ते जागीच राहते. वाहू लागले, तर विषाने रक्ताची साकळण्याची शक्ती हिरावून घेतली आहे, असे समजायचे. या चाचणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. तिच्यामागे मात्र शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या भागातल्या घोणशीने अनपेक्षित कामगिरी बजावली आहे. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

साकळण्याला घड्याळ लावले

जखमेतून वाहणारे रक्त काही वेळाने घट्ट होते, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. पण ‘काही वेळाने’ म्हणजे नेमके किती वेळाने, हा प्रश्न वैज्ञानिकांनी गंभीरपणे घेतला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. इंग्लंडमध्ये अल्मरॉथ राइट यांनी १८९०च्या दशकात केसासारख्या बारीक काचनळ्यांत रक्त घेऊन ते किती वेळात साकळते हे मोजण्याची पद्धत काढली. १९१३ साली अमेरिकेत ली आणि व्हाइट यांनी शिरेतले रक्त परीक्षानळीत घेऊन, नळी ठरावीक वेळाने तिरपी करून पाहण्याची पद्धत मांडली. ती पुढे अनेक दशके जगभरच्या दवाखान्यांत वापरली गेली.

या पद्धतींत एक उणीव होती. रक्त उशिरा साकळते आहे एवढे त्यांतून कळे, ते का उशिरा साकळते हे कळत नसे. ताप मोजला म्हणजे मलेरिया की टायफॉइड हे समजत नाही, तसेच हे. शिवाय ज्यांना दोष सौम्य आहे अशा पुष्कळ रुग्णांचे रक्त या पद्धतीने अगदी ठाकठीक भासे.

याच सुमारास आपल्याकडे सापाच्या विषावर काम चालू होते. जोसेफ फेअरर या ब्रिटिश डॉक्टरांनी भारतातील विषारी सापांवरचा आपला मोठा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध केला. नागाच्या विषाने मेलेल्या प्राण्याचे रक्त सहसा साकळते, घोणशीच्या विषाने मेलेल्याचे मात्र पातळच राहते, असा फरक त्यांच्या ध्यानात आला होता. पुढे मुंबईत परळला १८९९ साली प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. हीच आजची हाफकिन संस्था. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत तेथे काम करणाऱ्या जॉर्ज लॅम्ब यांनी नाग आणि घोणस यांच्या विषांचा रक्तावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला. ऑस्ट्रेलियात सी. जे. मार्टिन यांना तेथील काळ्या सापाच्या विषाबाबत एक कोडे आढळले होते. मोठी मात्रा दिली तर रक्त वाहिन्यांतच साकळून प्राणी मरतो, लहान मात्रा दिली तर रक्त साकळेनासेच होते. घोणशीच्या विषाची तऱ्हाही अशीच दिसली. एकच पदार्थ रक्त साकळवतो आणि साकळू देत नाही, हे कसे? उत्तर मिळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

चुनखडीतले मूलद्रव्य आणि क्विक यांची चाचणी

रक्त साकळण्यासाठी कॅल्शियम आवश्यक आहे हे आर्थुस आणि पाजेस या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८९० साली दाखवले. रक्तात सोडियम सायट्रेट घातले की ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि रक्त पातळ राहते. म्हणजे आता घड्याळ हवे तेव्हा सुरू करण्याची सोय झाली. आधी कॅल्शियम काढून घ्या, पेशी खाली बसवून वरचा पिवळसर रक्तद्रव वेगळा करा, आणि पाहिजे त्या क्षणी कॅल्शियम परत द्या.

या सोयीचा सुरेख उपयोग अमेरिकेतील आर्मंड क्विक यांनी १९३५ साली केला. जखम झाली म्हणजे फाटलेल्या ऊतींमधून साकळण्याला चालना देणारा पदार्थ बाहेर पडतो. क्विक यांनी रक्तद्रवात कॅल्शियमबरोबर असा ऊतींचा अर्क भरपूर प्रमाणात मिसळला. निरोगी माणसाचा रक्तद्रव बारा-चौदा सेकंदांत साकळू लागला. या काळाला प्रोथ्रॉम्बिन काल म्हणतात. काविळीच्या काही रुग्णांत तो लांबलेला आढळला, पण हिमोफिलियाच्या रुग्णांत तो चक्क सामान्य निघाला! ज्यांचे रक्त थांबता थांबत नाही, त्यांची चाचणी निर्दोष. याचा अर्थ साकळण्याकडे जाणाऱ्या वाटा एकाहून अधिक असल्या पाहिजेत, आणि हिमोफिलियाचा दोष या वाटेवर नसला पाहिजे.

दुसऱ्या वाटेसाठी १९५३ साली लँगडेल, वॅगनर आणि ब्रिंकहाउस यांनी वेगळी चाचणी दिली. तिच्यात ऊतींच्या अर्काऐवजी त्यातला केवळ स्निग्ध भाग वापरत. हिमोफिलियाच्या रुग्णांत ही चाचणी लांबलेली येई. १९६१मध्ये प्रॉक्टर आणि रॅपापोर्ट यांनी तिच्यात केओलिन, म्हणजे चिनीमातीची पूड, मिसळून ती अधिक भरवशाची केली. या दोन चाचण्या शेजारी शेजारी ठेवल्या की ‘उशीर का?’ या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर मिळते. आजही रक्ताच्या प्रयोगशाळेत तपासाची सुरुवात याच जोडीने होते.

एका रुग्णाचे रक्त दुसऱ्याच्या उपयोगी

१९४७ साली ब्वेनोस आयरिस येथील पाव्लोव्स्की यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. हिमोफिलियाच्या एका रुग्णाचे रक्त दुसऱ्या रुग्णाच्या रक्तात मिसळले, तर कधी कधी मिश्रण नीट साकळे. दोघांत एकाच घटकाची उणीव असती, तर असे घडले नसते. म्हणजे एकाच नावाखाली दोन आजार नांदत होते. १९५२ साली ऑक्सफर्डमध्ये रोझमेरी बिग्ज, मॅकफर्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले आणि स्टीफन ख्रिसमस या लहान रुग्णाच्या आडनावावरून त्याला ख्रिसमस रोग असे नाव दिले.

मिसळून पाहण्याची ही युक्ती निदानाचे कायमचे साधन बनली. रुग्णाचा रक्तद्रव आणि निरोगी रक्तद्रव निम्मा निम्मा मिसळा. उशीर नाहीसा झाला, तर रुग्णात काहीतरी कमी आहे. उशीर तसाच राहिला, तर रुग्णाच्या रक्तात अडथळा आणणारे काहीतरी जास्त आहे. कमी आणि जास्त यांतला हा फरक उपचाराच्या दृष्टीने फार मोठा आहे, कारण जे कमी आहे ते बाहेरून देऊन भागते. अडथळा आहे तेथे तसे भागत नाही.

घोणस प्रयोगशाळेत येते

आता घोणशीकडे वळू. घोणशीला इंग्रजीत पॅट्रिक रसेल यांचे नाव मिळाले आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा त्यांचा ग्रंथ १७९६ साली निघाला. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफर्लेन यांनी प्राणिसंग्रहालयातील सरपटणाऱ्या प्राण्यांचे अधिकारी बर्जेस बार्नेट यांच्या मदतीने निरनिराळ्या सापांची विषे तपासली. घोणशीच्या विषाचे अतिशय सौम्य द्रावणही हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त काही सेकंदांत साकळवत होते. दात काढल्यावर न थांबणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी ते विष जखमेवर वरून लावण्याचा उपायही त्यांनी केला. पुढे असे औषध बाजारात आले.

हे विष काय करते? रक्त साकळणे ही विकरांची साखळी आहे. एक विकर दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि प्रत्येक पायरीवर जाग्या झालेल्या रेणूंची संख्या वाढत जाते. मॅकफर्लेन यांनी, आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणे डेव्ही व रॅटनॉफ यांनी, १९६४ साली हे चित्र मांडले. डोंगरातला धबधबा पायरीपायरीने कोसळावा तसे ते आहे. घोणशीचे विष या धबधब्याच्या वरच्या पायऱ्या टाळून थेट मधल्या पायरीवर, दहाव्या आणि पाचव्या घटकांवर, घाला घालते. फुरशाचे विष आणखी खाली उतरून प्रोथ्रॉम्बिनलाच जागे करते.

प्रयोगशाळेला यातून आयतीच किल्ली मिळाली. क्विक यांची चाचणी लांबली आहे, पण घोणशीच्या विषाने रक्तद्रव वेळेत साकळतो आहे, तर दोष विषाने ओलांडलेल्या पायरीवर, म्हणजे सातव्या घटकात, असला पाहिजे. दोन्ही लांबल्या, तर दोष त्याखाली. ज्या विषाने शेतकरी मरतो, तेच विष काचेच्या नळीत निदानाचे द्रव्य झाले. त्याच्या सौम्य द्रावणाची चाचणी आजही मोठ्या प्रयोगशाळांत एका विशिष्ट प्रकारच्या प्रतिपिंडांचा शोध घेण्यासाठी वापरतात.

मार्टिन आणि लॅम्ब यांच्यापुढील कोडेही आता सुटते. विष साखळी सुरू करते, रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर होत राहते आणि ते धागे शरीराकडून विरघळवलेही जातात. मात्रा मोठी असेल तर गुठळ्यांनीच मृत्यू येतो. मात्रा लहान असेल तर काही काळात फायब्रिनोजेनचा साठा संपतो. साठा संपलेले रक्त साकळणार कशाने? मग हिरड्यांतून, लघवीतून, टोचलेल्या जागेतून रक्त येऊ लागते. नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर काम करते, म्हणून त्यांच्या दंशात ही चाचणी बहुधा सामान्य येते. चाचणी सामान्य आली म्हणून पापण्या जड झालेल्या रुग्णाला घरी पाठवणे ही घोडचूक ठरेल.

काच कशासाठी?

परीक्षानळी काचेचीच का? याचे उत्तर एका रेल्वे कामगाराने दिले. जॉन हेगमन हे अमेरिकेतील गृहस्थ शस्त्रक्रियेपूर्वी तपासणीसाठी आले असता त्यांचे रक्त काचनळीत फारच उशिरा साकळले. त्यांना रक्तस्रावाचा त्रास मात्र कधीच झाला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ यांनी १९५५ साली दाखवले, की त्यांच्या रक्तात एक घटक नाही. हा बारावा घटक. काचेच्या पृष्ठभागावरील ऋण विद्युतभारामुळे तो जागा होतो आणि साखळी सुरू करतो. शरीरातील जखम भरताना त्याची फारशी गरज पडत नाही. हेगमन यांचा मृत्यू १९६८ साली, हाड मोडल्यानंतर फुप्फुसात गुठळी जाऊन झाला. नळीत रक्त साकळत नाही आणि शरीरात साकळल्याने मृत्यू येतो, यावरून नळी आणि शरीर यांत किती अंतर आहे हे ध्यानात यावे.

आपल्या विषयाशी याचा संबंध सरळ आहे. प्लास्टिकची नळी घेतली तर बारावा घटक नीट जागा होत नाही आणि निरोगी रक्तही वीस मिनिटांत साकळेल याची खात्री नाही. काचेची नळी साबणाच्या भुकटीने घासून धुतली असेल, तरी तिच्या पृष्ठभागाचा गुण बदललेला असतो. आम्ही विद्यार्थी असताना प्रयोगशाळेत पहिली शिस्त शिकलो ती नळ्या घासूनपुसून लख्ख ठेवण्याची. येथे नेमकी तीच चांगली सवय फसवते.

खाटेजवळची चाचणी

मोठ्या प्रयोगशाळेतील चाचण्या सूक्ष्म होत गेल्या, पण सर्पदंशाचे रुग्ण मोठ्या प्रयोगशाळेपासून दूर राहतात. मलायात काम करणाऱ्या ॲलिस्टर रीड यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी दाखवले, की रक्त साकळते की नाही एवढे पाहूनही विषबाधा ओळखता येते आणि प्रतिविष पुरेसे झाले का हेही ठरवता येते. १९७७ साली डेव्हिड वॉरेल आणि सहकाऱ्यांनी नायजेरियातील फुरशाच्या दंशांच्या अभ्यासात वीस मिनिटांची चाचणी वापरली. ली आणि व्हाइट यांची पद्धत सोपी करून तिचे ‘साकळले’ किंवा ‘नाही साकळले’ एवढेच उत्तर ठेवले. भारताच्या २००९च्या राष्ट्रीय उपचारपद्धतीतही तिला प्रमुख स्थान मिळाले. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी ती पुन्हा करतात, कारण विष निष्प्रभ झाले तरी नवे फायब्रिनोजेन तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. घाईने तासाभरात पुन्हा पाहिले, तर नळीतले रक्त वाहतेच दिसेल आणि प्रतिविष विनाकारण वाढवले जाईल.

इतकी सोपी चाचणी कितपत भरवशाची? श्रीलंकेत जेफ्री इस्बिस्टर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोजच्या रुग्णालयीन कामकाजात केलेली ही चाचणी प्रयोगशाळेच्या मोजमापाशी ताडून पाहिली. ज्यांचे रक्त खरोखर बिघडले होते, त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांनाच तिने ओळखले. बाकीच्यांना ‘ठीक आहे’ असा निर्वाळा मिळाला, आणि अशांना प्रतिविष मिळायला उशीर झाला. चाचणी टाकाऊ ठरवून मोकळे होता आले असते. पण २०१७ साली श्रीलंकेतच संशोधकांनी योग्य मापाची काचनळी, ठरावीक रक्त आणि प्रशिक्षित माणसे वापरून ती पुन्हा तपासली. या वेळी ८२ टक्के रुग्ण ओळखले गेले, आणि निरोगी रक्ताला आजारी ठरवण्याची चूक फार थोडी झाली. नळी, माप आणि माणसे बदलताच दुपटीहून अधिक रुग्ण ओळखले गेले. उरलेले १८ टक्के विसरून चालणार नाही. म्हणून पहिली चाचणी सामान्य आली तरी ती पुन्हा पुन्हा करायची असते. बोटाच्या थेंबावर चालणारी हातातली यंत्रेही आली आहेत, पण सर्पविषाने बिघडलेल्या रक्तावर ती विश्वासार्ह ठरलेली नाहीत.

पुन्हा डहाणूकडे

महाराष्ट्रात खेड्यातल्या दवाखान्यातून या प्रश्नावर काम करण्याची परंपरा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी घालून दिली. विंचूदंश आणि सर्पदंश यांवरील त्यांचे संशोधन जगभर वाचले गेले. डहाणूत मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील डॉ. राहुल गजभिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपजिल्हा रुग्णालयातील सर्पदंशाच्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. २०२१ साली त्यांनी, डॉ. बावस्कर यांच्यासह, डहाणू तालुक्यातील आदिवासी आणि आरोग्य कर्मचारी यांच्या समजुतींचा अभ्यास मांडला. चिंचोक्याने किंवा लोहचुंबकाने विष ओढले जाते, असा समज लोकांत आढळला. प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांतही सर्पदंशाचा रुग्ण हाताळण्याचा आत्मविश्वास कमी दिसला. रुग्ण वर पाठवण्याकडे कल होता.

दोषाची बोटे भगताकडे दाखवणे सोपे आहे. पण ‘वर’ म्हणजे कुठे? डहाणूहून मुंबई सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. तलासरीच्या पाड्यातून निघालेल्या माणसाला सरहद्द ओलांडून गुजरातेतली रुग्णालयेच जवळ पडतात. रात्री वाहन मिळणे, पैसे जमवणे, मजुरी बुडणे हे सारे त्या अंतरात येते. जवळच्या केंद्रात योग्य नळी आणि ती वापरायला शिकलेला माणूस असेल, तर प्रतिविषाचा पहिला हप्ता तिथेच देऊन मग रुग्ण पुढे पाठवता येतो. पहिल्या तासाचा उपयोग होतो तो असा.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर नळी, घड्याळ आणि प्रशिक्षण या तीन गोष्टी पाड्यापासून जवळच्या केंद्रात पोचल्या पाहिजेत.

वर्गात काय करता येईल

रक्त घेऊन कोणताही प्रयोग शाळेत करू नये. तर्काचा खेळ मात्र करता येतो. फळ्यावर चार काल्पनिक रुग्ण मांडावेत. प्रत्येकाच्या दोन्ही चाचण्यांचे निष्कर्ष आणि मिश्रणाचा निष्कर्ष लिहावा, आणि ‘कोणत्या पायरीवर दोष? कमी की जास्त?’ हे मुलांना शोधू द्यावे. चौथ्या रुग्णाची सारी उत्तरे सामान्य ठेवावीत आणि त्याच्या पापण्या मिटत आहेत एवढेच सांगावे. चाचणीला काय दिसत नाही, हे ओळखणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.

शेवटी एक गोष्ट मुलांच्या वहीत जरूर उतरवून द्यावी. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, साप मारायला धावू नये. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे. ज्या मुलांना त्या काचेच्या नळीची गोष्ट ठाऊक आहे, त्यांच्यापैकी कोणीतरी एखाद्या रात्री घरातल्या मोठ्या माणसांना म्हणेल, “चिंचोका नंतर बघू, आधी गाडी काढा.” आमच्या मते या धड्याची तीच खरी परीक्षा.